पदरास खार न लागतां



उपनगरांत राहणाऱ्या माणसाची एक ठराविक तक्रार असते. "येथें शांतता आहे, हवाही बरी आहे, पण करावयाचें काय?" रविवार उजाडला कीं ही तक्रार घरोघर ऐकूं येते. तिचें उत्तर शोधावयास कोणी शहराकडे जाणारी गाडी धरतो, कोणी सगळें कुटुंब घेऊन मॉलमध्यें चार तास हिंडतो आणि हजार-दीड हजार रुपये खर्चून, पाय दुखवून रात्रीं घरीं परततो. ज्याला तेवढें परवडत नाहीं, तो दूरदर्शनच्या किंवा मोबाईलच्या पडद्यापुढें दिवस ढकलतो. दोघांचाही समज एकच. करमणूक ही विकत घ्यावयाची वस्तु आहे आणि ती आपल्या गांवीं मिळत नाहीं, असा तो समज आहे.

हा समज मला निरुपद्रवी वाटत नाहीं, आणि याचें कारण मीं शाळेंत पाहिलें आहे. जूनमध्यें शाळा उघडली म्हणजे 'मीं सुटी कशी घालविली' हा निबंध मुलांना घालण्याची आमच्याकडे जुनी चाल. महाबळेश्वरास किंवा गोव्यास जाऊन आलेलीं मुलें भराभर लिहीत. ज्यांच्या घरीं प्रवासाला पैसा नव्हता, तीं मुलें कोऱ्या पानाकडे बघत बसत. कांहीं तर न पाहिलेल्या गांवचें खोटें वर्णन करीत. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या आयुष्यांत लिहिण्याजोगें कांहीं घडलेंच नाहीं असें वाटावें, ही गरिबीपेक्षांही वाईट गोष्ट आहे. एका वर्षीं मात्र एका मुलानें खिडकीबाहेरच्या तारेवर शिंजिरानें लोंबतें घरटें कसें विणलें, कोळ्याचें जाळें त्याला कसें चिकटविलें आणि किती दिवसांनीं पिलें उडालीं, हें दोन पानें भरून लिहिलें. तोही सुटींत कोठें गेला नव्हता. पण घरच्या खिडकींत त्यानें जें पाहिलें होतें, तें वर्गांत दुसऱ्या कोणापाशीं नव्हतें.

तेव्हां आज मी असें सांगणार आहें कीं, शांत उपनगरांत पदरास खार न लागतां, किंवा अगदीं थोडी लागून, करण्यासारखें पुष्कळ असतें. उगाच मोघम बोलण्यापेक्षां एक गांव उदाहरणादाखल घेऊं. मीं बोरिवली निवडली आहे. चर्चगेटपासून सुमारें ३४ किलोमीटरांवरचें पश्चिम रेल्वेचें हें मोठें स्थानक. स्थानकाबाहेरची गर्दी ज्यानें पाहिली असेल त्यास या गांवाला शांत म्हणणें थट्टेचें वाटेल. परंतु बोरिवलीचें पोट गजबजलेलें असलें, तरी तिच्या दोन्ही कडा शांत आहेत. पूर्वेची कड डोंगराला आणि जंगलाला टेकली आहे, पश्चिमेची खाडीला. स्थानकापासून कोणत्याही बाजूस थोडी पायपीट केली कीं रिक्षांचा कलकलाट मागें पडतो. आणि जें बोरिवलीस लागू, तें थोड्याफार फरकानें आपापल्या उपनगरासही लागू आहे.

प्रथम ज्याला एक पैसाही लागत नाहीं तें घेऊं. तें म्हणजे रस्त्यावरचें झाड. आपल्या गल्लींत कोणकोणतीं झाडें आहेत, हें दहा गृहस्थांना विचारलें तर आंबा, नारळ आणि वड यांपुढें फारसें कोणी जात नाहीं. वास्तविक झाडें हें बाराही महिने चालणारें पंचांग आहे. पौष-माघांत काटेसावरीचीं पानें झडतात आणि तिच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल, जाड पाकळ्यांचीं फुलें येतात. तीं पाहावयास साळुंक्या, कावळे, पोपट सगळे जमतात, कारण त्या फुलांत मध भरपूर असतो. पाठोपाठ फाल्गुनांत पळस आणि पांगारा फुलतात. चैत्रांत कुसुंबाला तांबड्या रंगाची नवी पालवी फुटते. दुरून पाहणाऱ्यास हीं फुलेंच वाटतात. वैशाखांत बहाव्याचे पिवळे घोस लोंबूं लागतात, आणि त्याच सुमारास ताम्हणीवर जांभळा तुरा येतो. ही ताम्हण महाराष्ट्राचें राज्यपुष्प आहे, हें तिच्या खालून रोज जाणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? आषाढ-श्रावणांत कळंबाचे चेंडू, आणि पावसाळा सरल्यावर सातविणीचा उग्र व बुचाच्या फुलांचा सौम्य वास. बुचाचीं पांढरीं लांब देठांचीं फुलें सकाळीं रस्त्यावर सडा पडल्यासारखीं पडलेलीं असतात. पूर्वीच्या मुली त्यांच्या देठांची वेणी सुईदोऱ्याशिवाय गुंफीत.

हें पाहण्याची रीत सोपी आहे. शंभर पानांची एक वही घ्यावी. आपल्या घरापासून स्थानकापर्यंतच्या वाटेवरचीं वीस झाडें निवडून त्यांस क्रमांक द्यावेत. प्रत्येकाला पालवी केव्हां फुटली, फूल केव्हां आलें, फळ केव्हां धरलें, तें तारखेसह लिहावें. पहिल्या वर्षीं ही नुसती नोंद असते. तिसऱ्या वर्षीं तुलना करतां येते, आणि तुलना करतां आली कीं मनुष्य विचार करूं लागतो. यंदा बहावा दहा दिवस आधीं कां फुलला? मागच्या वर्षीं पाऊस कमी झाला होता काय? असे प्रश्न ज्या घरांत विचारले जातात, तें घर कंटाळलेलें नसतें.

झाडांचा विषय निघालाच आहे, म्हणून कारवीविषयीं सांगतों. बोरिवलीच्या जंगलांत कारवीचीं झुडपें दाट आहेत. हीं झुडपें सात वर्षें नुसतीं वाढतात, आठव्या वर्षीं एकदांच, पावसाळ्याच्या उत्तरार्धांत, सगळीं एकदम जांभळीं फुलतात, आणि बीं धरून वाळून जातात. एकाच वेळीं फुलण्यांत त्यांचा लाभ असा कीं, बीं इतकें अमाप होतें कीं खाणाऱ्यांनीं खाऊनही रुजावयास पुरेसें उरतें. येथें हा बहर २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षीं आला. त्या हिशेबानें पुढचा २०३२ सालीं यावयाचा. आज जो मुलगा पहिलींत आहे, तो तेव्हां बराच मोठा झाला असेल. त्याला आतांच सांगून ठेवावें. वाट पाहणें हीसुद्धां एक करमणूक आहे, आणि हल्लीं ती दुर्मिळ झाली आहे.

दुसरी फुकट वस्तु म्हणजे आपल्या इमारतीची गच्ची. तिच्यावर दोन गोष्टी पाहाव्यात, एक दिवसा, एक रात्रीं. दिवसा पाहावयाची गोष्ट ही कीं, मुंबईंत वर्षांतून दोन दिवस भर मध्यान्हीं सरळ उभ्या वस्तूची सावली नाहींशी होते. सूर्य डोक्यावर येतो असें आपण रोज म्हणतों, पण ठीक डोक्यावर तो कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांमधल्या प्रदेशांतच, आणि तेंही वर्षांतून दोनदांच येतो. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातें, म्हणून हें दृश्य साऱ्या महाराष्ट्रांत दिसतें. मात्र जसजसें उत्तरेकडे जावें तसतसे त्या दोन तारखांतील अंतर कमी होत जातें. मुंबईच्या बाजूस हे दिवस मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यांत येतात. जुलैंत बहुधा ढग असतात, म्हणून मे महिन्याचा दिवस साधावा. गच्चीवर सपाट जागीं एक पितळी पेला उपडा ठेवावा, किंवा एक काठी ओळंबा लावून उभी करावी. घड्याळांत बारा वाजले तरी सावली थोडी दिसेल. घाबरूं नये. आपलें घड्याळ साडेब्यायशी अंश रेखांशाच्या, म्हणजे मुंबईहून बऱ्याच पूर्वेकडल्या ठिकाणाच्या वेळेनें चालतें. सूर्याला एक अंश ओलांडावयास चार मिनिटें लागतात. साडेनऊ अंशांहून थोडें अधिक अंतर आहे, म्हणून आपलें मध्यान्ह सरासरीनें ३८-३९ मिनिटें मागाहून होतें. मे महिन्यांत तें साडेबारानंतर पांचेक मिनिटांनीं होतें. त्या क्षणीं पेल्याभोंवतीं सावलीचा मागमूसही राहत नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांतलीं अक्षांश-रेखांशांचीं दोन रुक्ष प्रकरणें या पांच मिनिटांत मुलांच्या ध्यानांत राहतात.

रात्रीं पाहावयाचें आकाश. शहरांतल्या दिव्यांमुळें बारीक तारे दिसत नाहींत, हें खरें; पण नवशिक्याला तें एका परीनें सोयीचेंच, कारण ठळक तेवढेच तारे उरतात. हिवाळ्याच्या संध्याकाळीं पूर्वेस मृग नक्षत्र उगवतें. त्याच्या मध्यभागीं एका ओळींतले तीन तारे ओळखावयास अगदीं सोपे. ती ओळ खालीं, आग्नेयेकडे वाढविली कीं व्याध सांपडतो. रात्रीच्या आकाशांतला हा सर्वांत तेजस्वी तारा. तीच ओळ उलट बाजूस वाढविली कीं तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढें कृत्तिकांचा पुंजका. उन्हाळ्यांत सप्तर्षि पाहावेत. त्यांच्या शेपटीचा बांक तसाच पुढें नेला कीं स्वाती, आणि आणखी पुढें नेला कीं चित्रा. शेपटीच्या मधल्या ताऱ्याशीं, म्हणजे वसिष्ठाशीं, अगदीं लगटून अरुंधती आहे. ती ज्याला नुसत्या डोळ्यांनीं दिसली त्याची दृष्टि चांगली. आजोबा आणि नातू यांनीं ही परीक्षा एकत्र द्यावी. नातू उत्तीर्ण होईल, आणि आजोबांना चष्मा बदलण्याची वेळ आल्याचें समजेल.

आतां पश्चिमेच्या कडेला, खाडीवर चला. गोराईच्या खाडीच्या कांठीं तिवराचें रान आहे. तिवराचीं मुळें चिखलांतून पेन्सिलीसारखीं वर डोकावतात, कारण खाऱ्या चिखलांत हवा नसते आणि मुळांना श्वास घ्यावयाचा असतो. ओहोटीच्या वेळीं त्या चिखलावर निवट्या उड्या मारतांना दिसतात. ही मासळी असून पाण्याबाहेर हिंडते. एक नांगी भलतीच मोठी असलेले खेकडे ती नांगी हालवीत बिळाच्या तोंडाशीं उभे असतात. हिवाळ्यांत कुरव पक्षी दूरदेशांहून येतात आणि होडीच्या मागें मागें उडतात.

परंतु हें पाहावयाचें तर ओहोटी केव्हां, हें ठाऊक पाहिजे. त्यासाठीं आपल्या कोंकणपट्टींतला जुना हिशेब आहे. ज्या दिवशींची भरती काढावयाची, त्या दिवसाच्या तिथीला तिनानें गुणावें आणि चारानें भागावें. येणारा आंकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि साधारणपणें रात्रीचीही. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजतां. अष्टमीस सहा वाजतां. पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकरा, म्हणजे दुपार आणि मध्यरात्र यांच्या अलीकडे. भरतीनंतर सहा तासांच्या सुमारास ओहोटी. या हिशेबाचें मूळ असें कीं, भरती चंद्राच्या मागें जाते आणि चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरां येतो. तेव्हां हा नियम स्थूल आहे, अर्ध्या-पाऊण तासाची चूक त्यांत संभवते. होडी हांकणाऱ्यानें छापील कोष्टकच पाहावें. पण चिखलांतले खेकडे पाहावयास तो पुरेसा आहे, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंतील तिथीचा हा उपयोग मुलांना फार गमतीचा वाटतो.

खाडी ओलांडण्यास होडी मिळते. तिचें भाडें किरकोळ असतें. पलीकडे जागतिक विपश्यना पॅगोडा आहे, तो २००९ सालीं खुला झाला. त्यास प्रवेशमूल्य नाहीं. त्याचा घुमट पाहण्यासारखा आहे तो केवळ भव्यतेमुळें नव्हे. आंत सुमारें आठ हजार माणसें बसूं शकतात, आणि तरी मध्यें एकही खांब नाहीं. एकमेकांत अडकविलेल्या दगडांनीं तो घुमट तोलून धरला आहे. ज्यास ध्यानांत रस नसेल त्यानेंही, दगड खालीं कां पडत नाहीं, एवढाच प्रश्न मनांत धरून तेथें जावें.

परततांना बोरिवलीच्या पश्चिम भागांतलें मंडपेश्वराचें लेणें पाहावें. त्यालाही तिकीट नाहीं. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेलें हें शिवाचें लेणें. आंत नटराजाची मूर्ति आहे, भंगलेली असली तरी डौल न गमावलेली. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं येथें ख्रिस्ती प्रार्थनास्थळ केलें. वरच्या बाजूस त्यांच्या इमारतीचे पडके अवशेष उभे आहेत आणि लेण्यांत दगडावर कोरलेला क्रूसही दिसतो. एकाच खडकांत दोन धर्मांच्या आणि तीन राजवटींच्या खुणा इतक्या जवळजवळ पाहावयास सहसा मिळत नाहींत. इतिहासाचें पुस्तक सन सांगतें. येथें छिन्नीचे घाव दिसतात.

आतां थोडा खर्च करून करावयाच्या गोष्टी. पूर्वेस राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें जंगल एका महानगराच्या कुशींत आहे. तुळशी आणि विहार हे दोन तलाव त्यांतच आहेत, आणि त्यांपैकीं विहार तलाव १८६० पासून मुंबईला पाणी पाजीत आला आहे. उद्यानाचें व आंतल्या कान्हेरी लेण्यांचें अशीं दोन शुल्कें द्यावीं लागतात. तीं दोन्ही मिळूनही बहुपडदा चित्रपटगृहांतल्या तिकिटापेक्षां सामान्यतः कमीच भरतात. लेण्यांस पंधरा वर्षांखालील मुलांना शुल्क नाहीं. सोमवारीं उद्यान बंद असतें, हें ध्यानांत ठेवावें, नाहींतर दारापासून परतावें लागतें. प्रवेशद्वारापासून लेणीं सहा-सात किलोमीटर आंत आहेत. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनीं पायीं जावें, इतरांनीं वाहनानें जावें. डबा घरचा न्यावा, पण तो वानरांना दाखवूं नये. आणि त्यांना खाऊं घालण्याचें पुण्य तर मुळींच करूं नये, त्यानें तीं माणसांवर धांवून येण्यास शिकतात. हें बिबट्यांचेंही घर आहे, म्हणून एकट्यादुकट्यानें आडवाटेस जाऊं नये आणि दिवेलागणीच्या आधीं बाहेर पडावें.

कान्हेरी म्हणजे जुना कृष्णगिरि, काळ्या खडकाचा डोंगर. तेथें शंभरांहून अधिक लेणीं आहेत, आणि सुमारें हजार वर्षें तेथें वस्ती होती. घाईनें सर्व पाहण्यापेक्षां तीन पाहावींत. पहिलें, तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह. तें सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याच्या काळचें, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांतलें. त्याच्या पडवींत सुमारें सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ति नंतरच्या काळांत कोरल्या आहेत. दुसरें, एकेचाळीस क्रमांकाचें. त्यांत अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. भारतांतल्या लेण्यांत अशी मूर्ति दुसरी नाहीं. तिसरें, नव्वद क्रमांकाचें. त्याच्या भिंतीवर पहलवी लिपींत १००९ आणि १०२१ या वर्षीं आलेल्या पारशी पाहुण्यांनीं आपलीं नांवें कोरून ठेवलीं आहेत. हजार वर्षांपूर्वींही लोक येथें सहलीस येत होते असा याचा अर्थ. त्यांचें अनुकरण सहलीपुरतें करावें, नांवें कोरण्यापुरतें करूं नये.

परंतु मला विचाराल, तर कान्हेरींत सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट मूर्ति नव्हे, पाणी आहे. बहुतेक लेण्यांच्या दाराशीं खडकांत खोदलेलें टांकें आहे, आणि डोंगरावरचें पावसाचें पाणी त्यांत आणून सोडणाऱ्या पन्हळी आहेत. शिलालेखांत या टांक्याला 'पोढी' म्हटलें आहे. पुष्कळ लेखांत ती कोणी दिली हेंही लिहिलें आहे. दाते कल्याण, सोपारा, चौल, नाशिक येथले. आणि त्यांत श्रेष्ठी व व्यापारी आहेत तसे सोनार आहेत, लोहार आहेत, भिक्षुणी आहेत. एका लेखांत भिक्षूंच्या निर्वाहासाठीं मागळठाण गांवच्या शेताचें दान नोंदलें आहे. हें मागळठाण म्हणजेच आजचें मागाठाणें, आणि त्या नांवाचें मेट्रोचें स्थानक आज बोरिवलींत आहे. सकाळीं कामावर जाण्याच्या गर्दींत ज्या नांवाची घोषणा आपण अर्धवट ऐकतों, तें नांव सतरा-अठराशें वर्षांपूर्वीं खडकांत कोरलेलें आहे.

येथें मला माझ्या विषयाचें मर्म सांगावयाचें आहे. जगांत फुकट असें फारसें कांहींच नसतें. आपल्याला जें फुकट मिळतें, त्याचे पैसे कोणीतरी आधींच भरलेले असतात. कोणा कारागिरानें घाम गाळून मिळविलेला पैसा अनोळखी माणसांच्या तहानेसाठीं खर्च केला. रस्त्यावरची सातवीण कोणीतरी लावली, कोणीतरी ट्रीगार्ड बसवून ती गुरांपासून राखली. नगरपालिकेची बाग करदात्यांच्या पैशावर उभी आहे. म्हणून फुकट वस्तु वापरतांना लाज वाटूं देऊं नये, आणि ती वाया जाऊं देऊं नये. न वापरलेली बाग ओसाड होते. ओसाड जागेवर प्रथम राडारोडा येऊन पडतो, मग टपऱ्या येतात, आणि एक दिवस ती जागा बाग होती हेंच कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. रोज सकाळीं तेथें जाऊन बसणारे वीस म्हातारे हे त्या बागेचे बिनपगारी राखणदार आहेत.

दहिसर नदीचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. तुळशी तलावाकडून निघालेली ही नदी उद्यानांतून वाहत असतांना तिच्या तळाचे गोटे दिसतात. तीच नदी वस्तींत शिरल्यावर लोकांस नाला वाटूं लागते. पाणी तेंच, पाऊसही तोच. मधल्या कांहीं किलोमीटरांत तिच्याकडे कौतुकानें पाहणारा कोणी उरला नाहीं, एवढाच फरक. लोकांनीं तिच्या कांठीं जावयाचें सोडलें, आणि मग तिच्यांत काय पडतें याचीही कोणास पर्वा राहिली नाहीं.

घराबाहेर पडणें ज्यांस कठीण, त्यांच्यासाठीं वाचनालय आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालीं मान्यता पावलेल्या ग्रंथालयांस शासनाचें अनुदान मिळतें, त्यामुळें वर्गणी माफक असते, आणि वृत्तपत्रें वाचावयास तर बहुधा कांहींच द्यावें लागत नाहीं. घरांत एकाच्या नांवावर वर्गणी भरली तरी पुस्तक चौघे वाचतात; असा किफायतशीर व्यवहार दुसरा मला ठाऊक नाहीं. रात्रीं जेवणानंतर अर्धा तास एकानें मोठ्यानें वाचावें आणि इतरांनीं भाजी निवडीत किंवा नुसतेंच ऐकावें, ही पद्धत घरांतून गेली आहे. ती परत आणावयास कांहींच खर्च नाहीं. नाटकाची आवड असणाऱ्यास बोरिवलींत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. तेथें मागच्या रांगेचें स्वस्त तिकीट काढण्यांत कमीपणा मानूं नये. चांगल्या नटाचा आवाज शेवटच्या रांगेसही तितकाच ऐकूं येतो.

या सर्वांत एक अडचण मात्र पैशाची नसून वेळेची आहे, आणि ती घरांतल्या स्त्रियांची आहे. आम्ही पुरुष निवृत्त होतों; गृहिणी होत नाहीं. रविवारीं सर्वांस सहल हवी असते, आणि सहलीचा डबा पहांटे पांच वाजतां उठून तिनें करावयाचा असतो. ज्या करमणुकींत एकास दुप्पट काम पडतें ती करमणूक स्वस्त आहे असें म्हणतां येत नाहीं, तिचा खर्च फक्त दुसऱ्याच्या नांवावर मांडलेला असतो. म्हणून सहलीच्या दिवशीं डब्यांत फुटाणे, गूळ, केळीं आणि पोळीचा लाडू एवढेंच असावें, आणि तें भरण्याचें काम पुरुषांनीं व मुलांनीं करावें. पोट भरेल आणि सर्वांस सारखा आनंद होईल.

निवृत्त श्रोत्यांस दोन शब्द. पगाराबरोबर दिनक्रमही थांबतो, आणि दिनक्रम थांबलेला मनुष्य घरांत नकळत सर्वांच्या वाटेंत येऊं लागतो. चहा वेळेवर कां नाहीं, पंखा कोणी चालू ठेवला, येवढेंच त्याचें कामकाज उरतें. त्यावर उपाय म्हणजे स्वतःस एक लहानशी नेमणूक लावून घेणें. पावसाळ्यांत पाऊस मोजावा. त्यास सरळ कडांचा, सपाट बुडाचा एक डबा आणि एक मोजपट्टी पुरते. डबा उघड्यावर ठेवावा, रोज सकाळीं ठराविक वेळीं पाण्याची उंची मिलिमीटरांत मोजून लिहावी आणि डबा रिकामा करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. मग आपल्या गच्चीचें क्षेत्रफळ काढून किती पाणी गटारांत गेलें याचा हिशेब करावा. तो आंकडा सोसायटीच्या सभेंत वाचून दाखविला, तर पाणी सांठविण्याच्या योजनेवर जें भाषण करावें लागतें तें करण्याची गरज पडणार नाहीं.

शेवटीं व्यवहाराची सूचना करून हें भाषण पुरें करतों. या आठवड्यांत घरांतल्या सर्वांनीं मिळून एक कागद घ्यावा आणि त्यावर तीन रकाने आंखावेत. पहिल्यांत ज्यास मुळींच खर्च नाहीं अशा आपल्या गांवच्या दहा गोष्टी लिहाव्यात; दुसऱ्यांत माणशीं पन्नास रुपयांत होणाऱ्या पांच; तिसऱ्यांत वर्षांतून एकदां करावयाच्या दोन. लिहितांना सर्वांत लहान मुलाचें मत प्रथम विचारावें. पहिला रकाना भरावयास अर्धा तास लागेल, आणि निम्म्या गोष्टी सुचणार नाहींत. त्या शोधावयास सर्वांनीं एकदां गांवांतून पायीं फिरून यावें. ती फेरी पहिल्या रकान्यांतली पहिली गोष्ट म्हणून मांडावी.